एका लाथेचे किती गुण?

तायक्वांदोच्या लढतीला कोरियन भाषेत क्योरुगी म्हणतात. एक निळा आणि एक लाल असे दोन खेळाडू सुमारे आठ मीटरच्या मॅटवर समोरासमोर येतात आणि ठरलेल्या वेळात पायाने, क्वचित मुठीने, प्रतिस्पर्ध्याच्या छातीवरच्या किंवा डोक्यावरच्या कवचावर प्रहार करून गुण मिळवतात. खेळ एवढाच आहे. तरी भंडाऱ्यातल्या शालेय स्पर्धेत मॅटच्या कडेला उभ्या असलेल्या पालकाला दोन गोष्टींचा उलगडा सहसा होत नाही. धाडकन किक बसली, आवाजही झाला, मग गुण का नाही? आणि कुणी कुणाला स्पर्शही केला नसताना समोरच्याचा आकडा एकने कसा वाढला? बहुतेक सगळे नियमपुस्तक या दोन प्रश्नांभोवती फिरते.

कबड्डीत असा घोळ होत नाही. भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी या सातही तालुक्यांत कबड्डीचे मैदान लहानपणापासून डोळ्यांपुढे असते. बोनस कधी मिळतो आणि लोण कधी चढतो हे कुणी वर्ग घेऊन शिकवत नाही. तायक्वांदो त्या मानाने नवा पाहुणा आहे. १९७० च्या दशकात जिमी जगतियानी यांनी तो भारतात आणला आणि पुढे शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीतून तो जिल्ह्याजिल्ह्यांत पोचला. १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुला-मुलींचे गट असतात. जिल्ह्यात जिंकलेला खेळाडू नागपूर विभागात जातो. तिथे नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली आणि गोंदियाचे खेळाडू भेटतात. त्यानंतर राज्य आणि मग राष्ट्रीय स्पर्धा. या वाटेवर दहावी-बारावीचे सवलतीचे गुण असतात आणि आणखी पुढे शासकीय नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणाची आशा असते. त्यामुळे मॅटवरच्या एका गुणावरून होणारी हुज्जत वाटते तेवढी पोरकट नसते.

नियम पाहण्याआधी एक खुलासा हवा, कारण तायक्वांदो नावाचे दोन खेळ आहेत. हे नाव १९५५ मध्ये कोरियात रूढ झाले. जनरल चोई होंग ही यांनी १९६६ मध्ये आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ, म्हणजे आयटीएफ, स्थापन केला. १९७३ मध्ये सोलमध्ये दुसरी जागतिक संघटना उभी राहिली. तीच आजची वर्ल्ड तायक्वांदो. आयटीएफच्या लढतीत हातमोजा घालून डोक्यावर ठोसा मारता येतो, पण प्रहाराचा जोर आवरता ठेवावा लागतो. वर्ल्ड तायक्वांदोत उलट आहे. पूर्ण ताकदीने मारायला मुभा, पण चेहऱ्यावर मूठ चालवायला सक्त मनाई. सोल १९८८ आणि बार्सिलोना १९९२ ला प्रदर्शनीय असलेला आणि सिडनी २००० पासून पदकांच्या यादीत आलेला ऑलिंपिकचा तायक्वांदो हा दुसरा आहे. इथून पुढचे विवेचन त्याचेच. मुलाला क्लासला घालताना तो कोणत्या पद्धतीचा आहे हे विचारून घेतलेले बरे. दोन्हीकडचा गणवेश बाहेरच्या माणसाला जवळपास सारखाच दिसतो.

लढत सुरू होते ती वजनकाट्यावर. ऑलिंपिकमध्ये चारच वजनगट असतात. पुरुषांसाठी ५८, ६८ आणि ८० किलोखालील आणि ८० किलोवरील, तर महिलांसाठी ४९, ५७ आणि ६७ किलोखालील आणि ६७ किलोवरील. जागतिक स्पर्धेत हेच गट प्रत्येकी आठ होतात. १२ ते १४ वर्षांच्या मुलांना कॅडेट आणि १५ ते १७ वर्षांच्यांना ज्युनियर म्हणतात. त्यांची वजने निराळी असतात आणि आपल्याकडच्या शालेय स्पर्धांचे गट त्याहून निराळे. आंतरराष्ट्रीय नियमानुसार काट्यावर पहिल्यांदा जास्त भरलेल्या खेळाडूला ठरलेल्या वेळेच्या आत आणखी एक संधी मिळते. तीही हुकली की तो खेळाडू बाद. शंभर ग्रॅमसाठी आदल्या रात्रीपासून पाणी तोडणारी, पहाटे स्वेटर घालून धावणारी मुले यामुळेच दिसतात. वाढत्या वयाच्या मुलाने वरच्या गटात खेळून हरणे परवडले, हे प्रशिक्षकांनी पालकांना स्पष्ट सांगायला हवे.

मॅट बहुधा अष्टकोनी असते. चौकोनीही चालते. खेळाडूच्या अंगावर पांढरा डोबोक, त्यावर छाती-पोट झाकणारा निळा किंवा लाल होगू, डोक्याला हेडगार्ड, तोंडात माउथगार्ड, हातात मोजे, कोपराखाली आणि नडगीवर गार्ड आणि जांघेचे संरक्षण असते. कमरेचा पट्टा काळा आहे की रंगीत, याचा गुणांशी संबंध नसतो. मॅटवर एक मुख्य पंच आणि कोपऱ्यांत कॉर्नर जज. इथे मराठीची एक गंमतशीर अडचण होते. लढत चालवणारा तो पंच आणि मुठीने मारला जातो तोही पंच. म्हणून या लेखात मुठीच्या प्रहाराला ठोसाच म्हटले आहे.

पंचाचे हुकूम जगभर कोरियनमध्येच असतात. निळ्याला ‘चुंग’, लालला ‘होंग’. ‘चारयत’ म्हटले की सावधान, ‘क्योंगन्ये’ म्हणजे वाकून नमस्कार, ‘जुन्बी’ म्हणजे तयार आणि ‘शिजाक’ म्हणजे सुरू. मध्येच थांबवायचे तर ‘काल्यो’, पुन्हा चालू करायचे तर ‘क्येसोक’ आणि संपले की ‘कुमान’. यातला ‘काल्यो’ प्रेक्षकाने कानात ठेवावा. तो शब्द उच्चारल्यानंतर बसलेल्या किकला गुण नसतो. शिक्षा असते.

आता गुण. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये चाललेला भाव असा होता: होगूवर ठोसा १ गुण, होगूवर किक २, डोक्याला किक ३, अंग फिरवून होगूवर मारलेली किक ४ आणि अंग फिरवून डोक्याला मारलेली किक ५. मराठीत ‘लाथ मारीन तिथे पाणी काढीन’ ही जिद्दीची म्हण आहे. क्योरुगीत तिचा उपयोग नाही. लाथ कुठे बसली आणि कशी फिरून आली, यावरच तिची किंमत ठरते.

किक म्हणजे घोट्याच्या हाडाखालच्या भागाने, पावलाने, केलेला प्रहार. नडगी लागली तर गुण नाही, गुडघा लागला तर उलट दंड. ठोसा आवळलेल्या मुठीने, सरळ आणि फक्त होगूवर. पाठीच्या कण्यावर मारता येत नाही. कमरेखाली तर काहीच चालत नाही. आडवा हात किंवा कोपराचा गार्ड मध्ये आला की सगळा जोर तिथेच जिरतो. प्लास्टिकच्या गार्डवर बसलेल्या किकचा आवाज होगूवरच्या किकपेक्षा मोठा येतो आणि प्रेक्षक नेमके त्याच आवाजाला टाळ्या वाजवतात. पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यातच आहे.

उरलेले अर्धे उत्तर होगूच्या आतल्या यंत्रात आहे. मोठ्या स्पर्धांमध्ये होगू आणि हेडगार्ड इलेक्ट्रॉनिक असतात आणि खेळाडू खास मोजे घालतात. मोज्याचा होगूशी संपर्क झाला आणि प्रहाराचा जोर ठरलेल्या पातळीच्या वर गेला, की गुण आपोआप फलकावर चढतो. ही पातळी स्त्री-पुरुष आणि वजनगटानुसार बदलते. जोर कमी पडला तर किक स्वच्छ बसूनही फलक हलत नाही. हेडगार्डला एवढा जोर लागत नाही. डोक्याजवळचा हलका स्पर्शसुद्धा तिथे तीन गुण देऊन जातो. ठोसा मात्र यंत्राला कळत नाही. तो कॉर्नर जज आपल्या हातातले बटण दाबून देतात आणि किमान दोन जजचे एकमत लागते. फिरून मारलेल्या किकमधले वाढीव दोन गुणही तेच देतात. होगूवर किक लागली हे यंत्र सांगते, ती फिरून लागली हे माणूस सांगतो. म्हणून अशा किकनंतर फलकावर आधी २ दिसतात आणि क्षणभराने ४.

जिथे असे महाग होगू नसतात, तिथे साधे होगू घालून सगळेच गुण जज बटणाने देतात. लहान गावच्या स्पर्धा पाहणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा. टीव्हीवर पाहिलेला ऑलिंपिकचा खेळ आणि समोरचा खेळ एकाच नियमपुस्तकाचा असला, तरी एकीकडे यंत्राला पटवायचे असते आणि दुसरीकडे तीन माणसांना. माणसांना पटवायचे तर किक स्पष्ट दिसेल अशी मारावी लागते. साध्या होगूवर तयार झालेला खेळाडू राज्यस्पर्धेत पहिल्यांदा इलेक्ट्रॉनिक होगूसमोर उभा राहिला की त्याच्या चांगल्या किकाही काही वेळा कोरड्या जातात. त्यात त्याचा दोष नसतो.

यंत्र आले त्यामागे बराच मनस्ताप आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकपर्यंत गुण जजच्या नजरेवर अवलंबून होते. तिथे महिलांच्या ६७ किलोवरील गटात ब्रिटनच्या सारा स्टीव्हन्सनने शेवटच्या क्षणी चीनच्या चेन झोंगच्या डोक्यावर मारलेली किक मोजलीच गेली नाही. चेन विजयी ठरली. ब्रिटनने तक्रार केली, चित्रफीत पाहिली गेली आणि निकाल फिरला. त्याच स्पर्धेत क्युबाचा अँजेल मातोस, २००० चा सुवर्णविजेता, कांस्यपदकाच्या लढतीत जखमी होऊन बसला. उपचारासाठी मिळणारा एक मिनिट उलटला आणि कझाकस्तानच्या खेळाडूला विजयी घोषित केले गेले. मातोसने उठून स्वीडनचे पंच शाकिर शेलबात यांच्या तोंडावर किक मारली. त्याच्यावर आणि त्याच्या प्रशिक्षकावर आजन्म बंदी आली. पुढच्या, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये इलेक्ट्रॉनिक होगू आणि चित्रफितीची फेरतपासणी दोन्ही हजर होते. रिओ २०१६ मध्ये हेडगार्डही इलेक्ट्रॉनिक झाले.

वाद कमी झाले, पण खेळाची चाल बदलली. जो भाव नियमपुस्तक लावते, तोच पाय खेळाडू उचलतो. सेन्सर चौफेर होता, त्यामुळे समोरून ताकदीने मारण्यापेक्षा पुढचा पाय हवेत लोंबता ठेवून संधी मिळताच टेकवणे फायद्याचे ठरू लागले. प्रतिस्पर्ध्याची किक अडवायलाही तोच पाय. काही लढती एका पायावर उभ्या राहून तलवारबाजी केल्यासारख्या दिसू लागल्या. अंगाला अंग भिडले की गुडघा बाहेर काढून पावलाची कड होगूच्या बाजूला किंवा मागे खुपसणारी ‘मंकी किक’ निघाली. तिच्यात कौशल्य होते, पण बघायला ती माकडचेष्टाच वाटे. मग नियमपुस्तक खेळाडूंच्या मागे धावू लागले. २०१७ मध्ये होगूवरच्या साध्या किकचा एक गुण दोन झाला आणि फिरून मारलेल्या किकचे तीनाचे चार. त्यानंतर डोक्याला फिरून मारलेल्या किकचे चाराचे पाच झाले. पाय हवेत लोंबता ठेवणे आणि भिडलेल्या अवस्थेत मंकी किक मारणे हे दोन्ही दंडाच्या यादीत गेले. आजचे बहुतेक दंड असे कुठल्या ना कुठल्या चलाखीला दिलेले उत्तर आहेत. एरवी ते मनमानी वाटतात.

दंडाला ‘गामजोम’ म्हणतात. २०१६ अखेरपर्यंत दंडाच्या दोन पायऱ्या होत्या. ‘क्योंगो’ ही अर्ध्या गुणाची ताकीद असे आणि दोन ताकिदी मिळून एक गुण जाई. ती पायरी काढून टाकली. आता प्रत्येक चुकीला थेट गामजोम. चूक करणाऱ्याचा गुण वजा होत नाही. समोरच्याला एक मिळतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हेच.

शिकाऊ खेळाडू सर्वात जास्त गुण तीन चुकांत घालवतात. पहिली, रेषेबाहेर पाऊल टाकणे. मागे सरकत जाणाऱ्याला पाठीमागची रेषा दिसत नाही आणि चांगला प्रतिस्पर्धी त्याला मुद्दाम तिकडे लोटत नेतो. प्रत्यक्ष ढकलून बाहेर काढले तर दंड ढकलणाऱ्याला. पण नुसता दबाव टाकून मागे हटायला लावणे पूर्ण नियमात बसते. कबड्डीत अंतिम रेषेचे भान पकड करणाऱ्याला ठेवावे लागते तसेच हे आहे. दुसरी, पडणे. उंच किक मारताना टेकलेला पाय घसरला आणि हात किंवा ढुंगण मॅटला लागले की गामजोम. प्रतिस्पर्ध्याच्या चुकीमुळे पडला असेल तरच सुटका. मुद्दाम खाली बसून मार चुकवण्याची सवय मोडण्यासाठी हा नियम आहे, पण त्यात धाडसी किक मारणाराही सापडतो. ती त्याची किंमत. तिसरी, टाळाटाळ. दोघेही नुसते उड्या मारत राहिले तर पंच लढण्याचा इशारा देतो आणि त्यानंतरही काही सेकंद हालचाल झाली नाही तर दंड करतो. पाठ फिरवून पळणे, जखमेचे सोंग करणे, पट्टा किंवा होगू नीट करण्याच्या निमित्ताने वेळ काढणे हेही यातच येते.

अंगाशी भिडल्यावरच्या चुका निराळ्या. प्रतिस्पर्ध्याचा डोबोक, हात किंवा पाय पकडणे, त्याला कवेत धरून ठेवणे आणि किक मारत असताना त्याला ढकलणे. कुस्तीच्या आखाड्यातून आलेल्या मुलाचे हात इथे आपोआप पुढे जातात आणि पहिल्याच फेरीत दोन-तीन गामजोम पदरात पडतात. पायाच्याही चुका आहेत. कमरेखाली किक, समोरच्याची किक अडवायला पाय उचलणे, पाय तीन सेकंदांहून जास्त हवेत ठेवणे. सगळ्यात धोकादायक गटात चेहऱ्यावर ठोसा, गुडघ्याचा किंवा डोक्याचा मार, ‘काल्यो’नंतरचा प्रहार आणि पडलेल्या खेळाडूवर हल्ला हे प्रकार येतात. शिक्षा मोजायला तीच, एक गामजोम. शेवटच्या गटाला अधिक जड दंड असता तर बरे झाले असते. रेषेवर चुकून पडलेले पाऊल आणि पडलेल्या मुलावर मारलेली किक यांना एकाच मापाने मोजणे न्यायाला धरून वाटत नाही. पंच पाहिजे तर मुद्दाम केलेल्या गंभीर कृत्यासाठी खेळाडूला बाद करू शकतो, एवढाच आधार.

मॅटबाहेरचा माणूसही खेळाडूला गामजोम मिळवून देऊ शकतो. प्रशिक्षक आपल्या ठरलेल्या जागेवरून उठून बाहेर आला, पंचाशी हुज्जत घालू लागला किंवा अपशब्द वापरले, तर दंड त्याच्या खेळाडूच्या खात्यावर पडतो. खुर्चीवरून उडी मारून ओरडणारे सर आपल्याच विद्यार्थ्याला हरवत असतात.

फेऱ्यांचा हिशेब २०२२ नंतर पार बदलला. आधी दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि तिन्ही फेऱ्यांच्या गुणांची एकच बेरीज असे. टोकियोत, २०२१ च्या जुलैमध्ये, हीच पद्धत होती. तिथल्या महिलांच्या ४९ किलोच्या अंतिम लढतीत थायलंडची पानिपाक वोंगपट्टनकित शेवटच्या काही सेकंदांपर्यंत स्पेनच्या आद्रियाना सेरेसोच्या ९-१० ने मागे होती. होगूवर एक किक बसली, दोन गुण मिळाले आणि ११-१० ने सुवर्ण थायलंडकडे गेले. पॅरिसला, २०२४ मध्ये, तीनपैकी दोन फेऱ्या जिंकण्याची पद्धत आली. प्रत्येक फेरी दोन मिनिटांची, मध्ये एक मिनिट विश्रांती आणि प्रत्येक फेरी शून्यापासून. एका फेरीत १२ गुणांची आघाडी झाली की ती फेरी तिथेच संपते. एका फेरीत पाच गामजोम झाले की ती फेरी हातची गेली.

बॅडमिंटन किंवा व्हॉलीबॉल पाहणाऱ्याला हे सोपे जाईल. समजा निळ्याने पहिली फेरी १४-२ अशी घेतली. दुसरी तो ३-४ ने आणि तिसरी ५-६ ने हरला. एकूण गुण निळ्याचे २२ आणि लालचे १२, तरी विजेता लाल. जुन्या पद्धतीत निळा आरामात जिंकला असता. नव्या पद्धतीत पहिल्या फेरीत मार खाल्लेल्याला दुसरी सुरुवात मिळते आणि मोठी आघाडी घेतलेल्याला उरलेला वेळ पळत काढता येत नाही. मात्र दोन मिनिटांची फेरी फार लहान असते. तिच्यात दोन गामजोमही फेरी फिरवायला पुरतात. गुण समान असताना शेवटच्या दहा सेकंदांत रेषेबाहेर गेलेले पाऊल म्हणजे गेलेली फेरी. जिल्हा पातळीवर मुले किका शिकून येतात, मॅटची रेषा शिकून येत नाहीत. पुष्कळ पराभव तिथेच होतात.

फेरी बरोबरीत सुटली तर पूर्वीसारखी जादा ‘गोल्डन’ फेरी होत नाही. त्या फेरीत दोन गुण आधी घेणारा जिंकत असे. आता निकाल त्याच फेरीतल्या कामगिरीवरून लागतो. फिरून मारलेल्या किकांनी जास्त गुण कुणी घेतले हे आधी पाहतात. तिथेही बरोबरी असेल तर डोके, होगू, ठोसा आणि शेवटी गामजोम या क्रमाने वरच्या दर्जाचे गुण कुणाचे जास्त ते मोजतात. त्यानंतर यंत्राने नोंदवलेले एकूण प्रहार पाहतात, त्यात गुणापर्यंत न पोचलेलेही येतात. एवढे करूनही फरक निघाला नाही तर पंच आणि जज ठरवतात. याचा अर्थ साधा आहे. दोन साध्या किका मारून मिळवलेले ४ आणि एक फिरकी मारून मिळवलेले ४ फलकावर सारखे दिसले, तरी बरोबरीत फिरकीवाला जिंकतो.

डोक्याला जबर मार बसून खेळाडू पडला किंवा झोकांड्या खाऊ लागला, तर पंच घड्याळ थांबवून कोरियनमध्ये अंक मोजतो: हाना, दुल, सेत, नेत, दासत, यसत, इल्गोप, योदोल. आठपर्यंत मोजायचेच, खेळाडू तिसऱ्या अंकाला उठून उभा राहिला तरी. आठाला पंच त्याच्या डोळ्यांत पाहून ठरवतो. तो सावरला नसेल तर दहापर्यंत मोजून लढत संपवतो. डोक्याच्या मारामुळे लढत सोडावी लागलेल्या खेळाडूला आंतरराष्ट्रीय नियमानुसार ३० दिवस स्पर्धा बंद असते, आणि कॅडेट-ज्युनियर वयाच्या मुलांना त्याहून जास्त काळ. डोक्याला मार लागलेले मूल तासाभरात ‘बरा आहे’ म्हणते आणि घरचे विश्वास ठेवतात. या नियमाचा खरा उपयोग तिथे आहे. बाकी जखमांसाठी एक मिनिट मिळतो. मातोसचा तोच मिनिट उलटला होता.

निर्णय पटला नाही तर मोठ्या स्पर्धांत प्रशिक्षकाकडे आपल्या रंगाचे एक कार्ड असते. ते दाखवून तो चित्रफीत तपासायला लावू शकतो. किक फिरून होती का, डोक्याला लागली का, प्रतिस्पर्धी पडला का किंवा रेषेबाहेर गेला का, अशा ठरावीक गोष्टींसाठीच. मागणी बरोबर निघाली तर कार्ड परत मिळते, चुकली तर गेले. होगूच्या सेन्सरने दिलेल्या किंवा न दिलेल्या साध्या किकवर दाद मागता येत नाही. तिथे यंत्राचा शब्द शेवटचा. कॅमेरे नसलेल्या स्पर्धेत अर्थातच पंचांचा.

टोकियोपासून पॅरालिंपिकमध्येही तायक्वांदो आहे आणि त्याचा गुणभाव वेगळा आहे. हाताचे अपंगत्व असलेल्या खेळाडूंना डोके वाचवणे अवघड जाते, म्हणून डोक्याला किक मारायची पूर्ण बंदी. होगूवर साधी किक २, पाठ फिरवून मारलेली ३ आणि पूर्ण गिरकी घेऊन मारलेली ४ गुण. हरयाणाची अरुणा तंवर ही या खेळात पॅरालिंपिकला उतरलेली पहिली भारतीय. बाकीच्या, म्हणजे ऑलिंपिकच्या तायक्वांदोत पॅरिसपर्यंत एकाही भारतीयाला पात्रता मिळवता आली नव्हती.

वर दिलेले आकडे पॅरिसपर्यंतचे आहेत आणि हे नियमपुस्तक दर एक-दोन वर्षांनी दुरुस्त होते. शालेय स्पर्धेचे आयोजक वेळ, फेऱ्या आणि डोक्याच्या किकेबद्दल लहान गटांसाठी वेगळी अटही घालू शकतात. म्हणून स्पर्धेआधीच्या बैठकीत प्रशिक्षकाने तीन गोष्टी विचारून घ्याव्यात आणि पालकांनाही सांगाव्यात: नियम कोणत्या सालचे, होगू इलेक्ट्रॉनिक की साधा, आणि वजनकाटा किती वाजता बंद होणार.